नजरेला बळ देणारे यंत्र

पाठाची ओळख

उघड्या डोळ्यांना दिसण्याची एक मर्यादा असते. डोळा, कान, दात यांसारख्या लहान व नाजूक अवयवांवर उपचार करताना ही मर्यादा ओलांडावी लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठ वाचताना या यंत्रामुळे सामान्य माणसाच्या जीवनात कोणता बदल घडला, याकडे विशेष लक्ष द्या.

पाठ

जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे ३० किलोमीटरवर बगरू हे गाव आहे. तेथील छिपा समाजाचे कारागीर लाकडी ठशांनी कापडावर छपाई करतात. माती, चुना आणि डिंक यांचे 'दाबू' नावाचे मिश्रण कापडाच्या ज्या भागावर लावतात, तो भाग रंगापासून अलिप्त राहतो. प्रत्येक ठशाचा कोपरा आधीच्या ठशाला नेमका जुळवावा लागतो. काम हात करतात. पण त्याचा हिशेब डोळे ठेवतात. अशा कारागिराला मोतीबिंदू झाला, तर आधी नजर जाते आणि तिच्यामागोमाग रोजगार जातो.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. ते गढूळ होणे म्हणजेच मोतीबिंदू. पूर्वी डोळ्याला मोठा छेद देऊन हे भिंग आवरणासकट काढून टाकीत. त्यानंतर रुग्णाला जाड काचांचा चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या दिसत आणि कडेचे नीट दिसत नसे. ठसा जुळविणाऱ्याला किंवा सुईत दोरा ओवणाऱ्याला अशी दृष्टी अपुरीच पडे. शिवाय चष्मा फुटला की जग पुन्हा धूसर होई.

यावर उपाय होता. भिंगाचे आवरण शाबूत ठेवून आतील गढूळ भाग काढायचा आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचे. लंडन येथे हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले होते. परंतु ते आवरण केसाहूनही कितीतरी पातळ असते. ते न फाटता हे काम करायचे, तर शल्यविशारदाची नजरही तितकीच सूक्ष्म हवी. ती नजर सूक्ष्मदर्शकाने दिली.

शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक प्रथम आला तो कानाच्या उपचारासाठी. स्टॉकहोम येथे कार्ल ओलोफ नायलेन यांनी १९२१ साली एका नेत्रिकेचा सूक्ष्मदर्शक वापरला. पुढच्याच वर्षी गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन नेत्रिकांचा सूक्ष्मदर्शक वापरात आणला. १९५३ साली जर्मनीतील झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी खास सूक्ष्मदर्शक तयार केला आणि हळूहळू त्याचा प्रसार झाला.

या यंत्राची तीन वैशिष्ट्ये आहेत. दोन नेत्रिकांमुळे प्रतिमा मोठी दिसते, तसाच खोलीचाही अंदाज येतो. प्रकाश नजरेच्याच दिशेने पडत असल्यामुळे अरुंद पोकळीतही सावली आड येत नाही. नेत्रशस्त्रक्रियेत यंत्राचे नियंत्रण पायाने करता येते; त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात.

दातांच्या उपचारातही याचा मोठा उपयोग होतो. वरच्या पहिल्या दाढेला साधारणतः तीन मुळे असतात. मात्र त्यांत बहुधा चौथी नलिका लपलेली असते. रूट कॅनाल करताना ती नजरेतून सुटली, तर आत जंतू राहतात आणि दुखणे उलटते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बारीक तोंड शोधता येते आणि दाढ वाचू शकते.

भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यांत महाराष्ट्र व राजस्थान ही दोन्ही राज्ये होती. यामुळे कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत गोरगरिबांपर्यंत पोहोचू लागली. महाराष्ट्रात या कार्याशी डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव जोडलेले आहे. लातूर जिल्ह्यातील माकेगावच्या शेतकरी कुटुंबात ते जन्मले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा १९९५ साली आईने स्वतःचे मूत्रपिंड देऊन त्यांना जीवदान दिले. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत त्यांनी एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविण्यात आले.

तथापि यंत्र म्हणजे कौशल्य नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली अवयव मोठा दिसतो, तसा हाताचा कंपही मोठा दिसतो. तो आवरण्यासाठी दीर्घ सराव लागतो. रुग्णाचीही एक जबाबदारी असते. मोतीबिंदू औषधाच्या थेंबांनी जात नाही. तो 'पिकेपर्यंत' थांबावे, हा समज जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आज तसे थांबण्याची गरज नाही. उलट फार कठीण झालेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड जाते. म्हणून नजर अंधूक होताच डोळे तपासून घेणे, हेच शहाणपणाचे ठरते.

पाठावरील प्रश्न

१. मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर कारागिरांना कोणत्या अडचणी येत?
२. शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाची तीन वैशिष्ट्ये लिहा.
३. 'यंत्र म्हणजे कौशल्य नव्हे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरात मोतीबिंदूविषयी कोणते समज आढळतात? आठ-दहा ओळींत लिहा.