एक्का राखून ठेव

वरंध

चि. बाळास,


पावसाने घाट बंद झाला आणि तुला ताम्हिणीचा वळसा घालून पुणे गाठावे लागले. सुखरूप पोचलास, बरे झाले. रविवारचा तो ब्रिजचा डाव मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

करार तुझा, तीन बिनहुकुमीचा. डावीकडून इस्पिकच्या राजाची उतारी झाली. डमीत इस्पिकची सत्ती-चौकी, तुझ्याकडे एक्का, छक्की, तिर्री. तू लगेच एक्का मारलास. मग चौकटचा राजा वाजवून डमीतल्या गुलामाची फिनेस केलीस. उजवीकडच्याने राणीने हात घेतला, इस्पिक परत दिले आणि बघता बघता इस्पिकचे चार हात गेले. एका हाताने बुडालास आणि म्हणालास, "फिनेस फसली." अरे, फिनेस निम्म्या वेळा फसतेच. तुझी चूक पहिल्याच पानाला झाली होती.

मोजून बघ. रोख हात 7: इस्पिकचा एक्का आणि बाकी तिन्ही रंगांचे एक्के-राजे. उरलेले 2 डमीतल्या एक्का-गुलाम-दश्शीच्या लांब चौकटातूनच यायचे. इस्पिकची 5 पाने तुमची, म्हणजे 8 त्यांच्याकडे. ती 5-3 वाटली गेली असतील, तर दोनदा एक्का दाबून तिसऱ्या फेरीला घे. उजवीकडच्याचे इस्पिक तिथेच संपते. मग चौकटची राणी त्याला मिळाली तरी तो इस्पिक देणार कुठून? आणि 4-4 असतील, तर इस्पिकचे 3 हात जातात, राणीचा 1. करार तरीही बसतो. एक्का राखण्यात तुझे काहीच जाणार नव्हते.

गणपतीच्या जागरणात मेंढीकोट खेळून आपल्या घरातल्या सगळ्यांचा हात घडला. मारता येईल ते पान मारायचे, ही तिथली सवय. ब्रिजमध्ये ती फार नडते. डमी उघडली की हातातली पाने टेबलावर पालथी ठेव, हात मोज, मगच डमीतून पान माग. कोणी घाई केली तरी मोज.

बचावाला बसलास की तू फक्त स्वतःची तेरा पाने बघतोस, याचे मला जास्त वाईट वाटते. गड्डीत गुण 40. करारवाल्याने एक बिनहुकुमी बोलून 15 ते 17 सांगितले, डमीत 10 दिसतात, तुझ्याकडे 8 आहेत. म्हणजे भिडूकडे 5 ते 7. खेळता खेळता त्याचा एक एक्का आणि एक राजा पडला की त्याचे 7 पुरे झाले. न दिसलेली राणी करारवाल्याकडेच. हे गणित दर पानाला चालू राहिले पाहिजे.

आणि भिडूवर डोळे वटारू नकोस. त्या एका सवयीने मी चांगला भिडू गमावला आहे. तो आजही भेटतो, बोलतो, पण खेळायला बसत नाही. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जोडीचे सुवर्णपदक आणले, तेव्हा एक 60 वर्षांचे, दुसरे 56 वर्षांचे होते. तुझ्यापुढे केवढा काळ आहे! भिडू जप.

रविवारच्या शेवटच्या डावातली चौघांची पाने आठवून कागदावर लिही आणि पाठव. जिथे अडशील तिथे जागा कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस. गणपतीला आलास की त्या कोऱ्या जागांपासून सुरुवात करू.

तुझा,
मामा