सरोवराचे पाणी चौकटींनी मोजणे

(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व गणित)

उद्देश : उपग्रहाच्या चित्रावरून जलाशयाचे क्षेत्र व त्यात झालेला बदल कसा काढतात, हे विद्यार्थ्यांस स्वतः मोजून समजावे.

साहित्य : आशियाचा नकाशा, चौकटींचा कागद, दोरी, मोजपट्टी.

प्रस्तावना : शिक्षकांनी नकाशात अरल समुद्र दाखवावा. कझाकस्तान व उझबेकिस्तान यांच्या सीमेवरील हे खाऱ्या पाण्याचे सरोवर होय. १९६० साली त्याचे क्षेत्र सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते. अमुदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविले गेले आणि सरोवर आटत गेले. मुयनाक बंदरातील मासेमारीची जहाजे वाळूत रुतून राहिली व कोळ्यांचा धंदा बुडाला.

विवेचन : उपग्रहाचे चित्र बारीक चौकटींचे बनलेले असते. लँडसॅट मालिकेतील १९८२ नंतरच्या चित्रांत बहुधा एक चौकट म्हणजे जमिनीवरील ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, अर्थात ९०० चौरस मीटर जागा. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पाणी शोषून घेते. म्हणून त्या किरणांच्या चित्रात पाणी काळे व कोरडी जमीन उजळ दिसते. काळ्या चौकटी मोजून ९०० ने गुणले की क्षेत्र मिळते. दक्षिण अरलचा पूर्व भाग २०१४ साली पूर्ण कोरडा पडल्याचे अशाच चित्रांनी दाखविले. उलट, २००५ साली कोक-अरल बंधारा पुरा झाल्यावर उत्तरेकडील पाणी वाढले, हेही दिसून आले.

उदाहरण : एका तलावाच्या चौकटी १,००० वरून ८०० झाल्या. घट २०० × ९०० = १,८०,००० चौरस मीटर, म्हणजे १८ हेक्टर.

दक्षता : तुलना एकाच महिन्यातील चित्रांची करावी. आश्विनातील भरलेला तलाव व वैशाखातील आटलेला तलाव यांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकेल. ढगांनी झाकलेले चित्र घेऊ नये. क्षेत्रावरून खोली कळत नाही, हेही सांगावे.

कृती : गावतळ्याभोवती कोरड्या जागेवर दोरीने चौकोन आखावा. दोरीपासून काठापर्यंतचे अंतर दर पाच मीटरवर मोजून आकृती कागदावर काढावी. अर्धी वा अधिक भरलेली चौकट पूर्ण धरावी, त्याहून कमी असलेली सोडावी. मुलांस पाण्यात उतरू देऊ नये.

ही आकृती दर वर्षी त्याच महिन्यात काढून शाळेच्या दप्तरी तारखेसह ठेवावी. तळे आटत असल्यास ते गावकऱ्यांस वेळीच दाखविता येईल.