हिमालयापलीकडील गावे : स्पितीच्या खोऱ्याचा एक अभ्यास

हिमालयाची यात्रा म्हटली की आपल्या घरांतून हरिद्वार, बदरी-केदार, फार तर अमरनाथ एवढीच नावे निघतात. तो हिमालय पावसाचा, देवदारांचा आणि खळाळणाऱ्या नद्यांचा. परंतु मोसमी ढग ज्या शिखरांना अडून रिते होतात त्या शिखरांच्या पलीकडे दुसरा एक हिमालय आहे. तेथे डोंगर उघडे, झाड क्वचित, पाऊस नावापुरता आणि पाणी म्हणजे काय ते हिवाळ्यात साठलेल्या बर्फाचे. हिमाचल प्रदेशातील स्पितीचे खोरे हा त्याचाच एक भाग. तेथील गावे कशी जगतात आणि तेथे जाणाऱ्याने कोणत्या तयारीने जावे, याविषयी आमचा दोन वेळचा अनुभव व त्यानिमित्त घडलेला अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. म्हणून आरंभ तेथूनच करणे बरे.

२०२२ च्या ऑक्टोबरच्या आरंभी आम्ही पाच जण मनालीहून निघालो. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा चढ वाचतो, त्यामुळे सुमारे १५,००० फुटांवरील कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा गाठता येते. तसे ते आम्ही गाठले आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे १४,००० फुटांवरील किब्बर गावी मुक्कामाला गेलो. मनालीची उंची सुमारे ६,७०० फूट. म्हणजे दोन दिवसांत आम्ही सात हजारांवर फूट वर आलो होतो. काझ्यास निदान दोन रात्री काढा, असे गाडीवानाने परोपरीने सांगितले. परंतु आमच्यातील दोघे कळसूबाई अनेकदा चढलेले. त्यांच्या पायांवर आमचा सर्वांचाच भरवसा होता.

वास्तविक हा पायांचा प्रश्न नव्हे. कळसूबाईची उंची ५,४०० फूट. किब्बरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. हवेतील प्राणवायूचा वाटा तोच, एकपंचमांश. पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर यावर उपाय करते : श्वास जलद होतो, रक्तात हळूहळू पालट होतो. मात्र त्यास दिवस लागतात, आणि तरुण धडधाकट माणसालाही त्यातून सूट नाही. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसात दीड हजार फुटांपेक्षा अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस स्वस्थ राहावे, असा साधा नियम आहे. आम्ही तो वाचलेला होता. पाळला नाही.

त्या रात्री आमच्यातील एकाचे डोके ठणकू लागले, मग उलट्या सुरू झाल्या. मध्यरात्रीनंतर ते उठले तेव्हा त्यांना सरळ चालता येईना. डोकेदुखी पुष्कळांना होते व विश्रांतीने उतरते, पण चालताना तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण. तेथे सकाळची वाट पाहावयाची नसते. ताबडतोब खाली उतरावयाचे असते. आम्ही पाहुणे अंथरुणाभोवती नुसते बसून होतो. घरच्या आजीबाई आल्या, त्यांनी रोग्याकडे एकदा पाहिले आणि मुलाला उठविले. त्याने आपली मालवाहू गाडी काढली आणि अंधारात, त्या वळणांवरून, रोग्याला सुमारे दोन हजार फूट खाली काझ्यास दवाखान्यात पोहोचविले. प्राणवायू दिला गेला. सूर्य वर आला तोवर ते ओळखीचे बोलू लागले. आणखी चार तास गेले असते तर काय झाले असते, ते लिहावयाची आमची छाती होत नाही.

आता पाण्याची गोष्ट. त्याच संध्याकाळी, गावी पोहोचताच, प्रवासाची धूळ घालविण्यासाठी आम्ही आंघोळीला कढत पाणी मागितले होते. आजीबाईंनी काही न बोलता दोन बादल्या दिल्या. त्या कोठून आल्या हे आम्हांस सकाळी कळले. ऑक्टोबरात रात्री नळ गोठतो, ऊन चढल्यावाचून सुटत नाही. सून झऱ्यावरून पाणी आणीत होती. जळण शेणाच्या गोवऱ्यांचे आणि रानातून वेचलेल्या काटक्यांचे. ते उन्हाळाभर गोळा करून गच्चीच्या कडेने रचून ठेवतात, कारण पुढे सहा महिने सारे घर एका खोलीत, मधल्या शेगडीभोवती राहते. आमच्या आंघोळीत किती गोवऱ्या गेल्या हे त्या घराला पक्के ठाऊक असणार.

हा मोजकेपणा तेथील संसाराच्या मुळाशीच आहे. बर्फाचे पाणी लांबवरून पाटाने शेतात आणतात, त्यास तिकडे कुल म्हणतात, आणि ते पाळीपाळीने घेतात. पाणी वाढत नाही म्हणून शेत वाढत नाही, आणि शेत वाढत नाही म्हणून घरेही वाढू देत नसत. जुन्या रीतीने सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाई. त्याचे लग्न झाले की आईबाप मोठे घर, म्हणजे खांगछेन, त्याला सोडून शेजारच्या धाकट्या घरात, खांगछुंगमध्ये जात. धाकटे मुलगे बहुधा मठात जात. आपल्याला ही रीत कठोर वाटेल. भावाभावांत वाटणी होऊन चिंधीएवढे राहिलेले शेत ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तितकी वाटणार नाही. आता धाकटे शाळा शिकून नोकरीला लागतात, आणि हिरव्या वाटाण्याचे पीक आल्यापासून हाती रोकड पैसाही खेळतो. पाणी मात्र वाढलेले नाही.

शौचकूपही याच हिशेबातला. वरच्या मजल्यावर एक भोक, बाजूस माती व राख. खाली जे साठते ते वसंतात शेताला जाते. पाण्याचा थेंब लागत नाही. पाहुण्यांसाठी आता पाण्याची शौचालये होत आहेत. ती मागणारे आपणच. हिवाळ्यात नळ गोठल्यावर ती कशी चालतात, हे पाहावयास आपण तेथे नसतो.

न्याहारीला आम्हांस भाजलेल्या जवाचे पीठ मिठाच्या लोणीयुक्त चहात कालवून दिले. त्याचे तिकडील नाव त्सांपा. पहिल्या घासालाच आमच्यातील एक गृहिणी म्हणाल्या, “अहो, हे तर आपले सातूचे पीठ!” फरक गुळाचा आणि मिठाचा.

तशीच आणखी एक ओळख लांग्झा गावी पटली. तेथील काळ्या मातकट खडकांत चक्रासारखे उमटलेले दगड सापडतात. साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी जेथे टेथिस समुद्र होता, त्यातील शंखधारी प्राण्यांचे ते अवशेष. आपल्या देवघरातील गंडकीचा शाळिग्राम हाही त्याच जातीचा. मुले असे दगड विकावयास आणतात. ते घेऊ नयेत. घेतल्याने डोंगर पोखरला जातो आणि मुलांची शाळा बुडते.

ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला, मातीचा. १९७५ च्या भूकंपात त्याला इजा झाली, तरी तो उभा आहे, आणि आतील भित्तिचित्रे पाहताना बोलणे आपोआप थांबते. छायाचित्रे घेण्यास जुन्या मंदिरात मनाई आहे. वाटेवरचे स्तूप व मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती उजव्या हाताला ठेवून जावे. प्रदक्षिणा ठाऊक असलेल्यांना हे शिकवावे लागत नाही.

पुढील वर्षी आम्ही शिमल्याच्या वाटेने गेलो. ही वाट लांब, पण चढ बेताबेताने येतो : कल्पा, नाको, ताबो, मग काझा. भारतीयांस या वाटेवर परवाना लागत नाही. कल्पा व काझा येथे दोन-दोन रात्री काढून आठव्या दिवशी किब्बरला पोहोचलो. गेल्या खेपेचे रोगी आमच्यात होते आणि सर्वांत हळू तेच चालत होते. आजीबाईंनी ओळखले, “जुले” म्हणून नमस्कार केला आणि हाताने बादलीची खूण केली. आम्ही नको म्हटले, तोंड धुण्यापुरते तांब्याभर पुरे. त्यावर त्या सुनेला आपल्या भाषेत काही म्हणाल्या आणि दोघी खूप हसल्या. काय म्हणाल्या ते गाडीवानाने आम्हांस शेवटपर्यंत सांगितले नाही.