अव्यवस्थित धातू आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या

घरातल्या पितळेच्या घागरीत तांबे व जस्त यांचे अणू शिस्तीने बसलेले नसतात. कोणत्या अणूशेजारी कोणता यावा, हा योगायोगाचा भाग. वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन या अव्यवस्थेमुळे विखुरतात, म्हणून शुद्ध तांब्यापेक्षा पितळेचा रोध अधिक. अव्यवस्था फारच वाढली तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकून पडतात, असे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखविले.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे अतिसंवाहकता. १९११ साली लायडन येथे कामरलिंग ऑनेस यांनी पारा सुमारे ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध नाहीसाच झाला! याचे कारण कळायला १९५७ साल उजाडले. बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या मते अशा धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. जोडीतील दोघांचे परिवलन, म्हणजे स्पिन, परस्परविरुद्ध असते. मात्र कोणाचे कोणते, हे आधी ठरलेले नसते. चपलांच्या जोडाशी याची तुलना करणे फसवे आहे. डावी चप्पल सापडली की दुसरी उजवी हे कळते, पण ती मुळातच उजवी होती. येथे एकट्या इलेक्ट्रॉनाला निश्चित परिवलनच नसते. जे असते ते जोडीचे. यालाच पुंजयामिकीत गुंतणूक म्हणतात.

मग अव्यवस्था वाढवीत नेली तर आधी काय मोडते?

या प्रश्नावर आपल्या लोकलच्या टप्प्यात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, महत्त्वाचे काम झाले आहे. प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडचे पातळ थर तयार केले आणि त्यांत नायोबियमच्या अणूंच्या जागा मुद्दाम रिकाम्या राहू दिल्या. चांगला थर सुमारे १६ केल्व्हिनला अतिसंवाहक होतो. रिकाम्या जागा वाढल्या की हे तापमान घसरत जाते. २०११-१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधांत एक चमत्कारिक गोष्ट आली. फार अव्यवस्थित थरांत अतिसंवाहकता संपल्यानंतरही, त्याहून वरच्या तापमानाला, जोड्यांची खूण शिल्लक दिसत होती.

म्हणजे जोड्या शाबूत, तरी रोध परत आलेला! लेझमीचे उदाहरण घ्यावे. हलगी सर्वांना ऐकू येते तोवर मैदानभर एकच ताल असतो. ती ऐकू येईनाशी झाली की प्रत्येक घोळका आपापला ठेका धरतो. जोड्या फुटत नाहीत, पण सारे मैदान एकसाथ हलत नाही. अतिसंवाहकतेला जोड्या आणि त्यांचा एक ताल, दोन्ही लागतात, आणि या थरांत आधी हरवतो तो ताल, असा अर्थ या गटाने लावला. अव्यवस्था त्याहूनही वाढविली तर थर कितीही थंड केला तरी अतिसंवाहक होत नाही.