लाल कॉइलवर पैसे घालण्याआधी

ऑक्टाव्हिया, लॉरा किंवा पोलो जीटीआयचा मालक रीमॅपची, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेण्याची, चौकशी करायला गेला, की ऑडी आर८च्या लाल टोपीच्या कॉइलचा विषय निघतोच. १.८ आणि २.० टीएसआय इंजिनांत त्या थेट बसतात, जुन्या १.८ टर्बो ऑक्टाव्हिया आरएसला मात्र अडॅप्टर लागतो. आयात केलेला चारचा संच आणि मजुरी मिळून ढोबळ खर्च १२ ते २५ हजार रुपये. गाडीला त्यातून काय मिळतं?

रीमॅप नसलेल्या, धडधाकट गाडीला काहीही मिळत नाही. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगच्या फटीत ठिणगी पाडणं, एवढंच कॉइलचं काम. पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट पेटत असेल, तर आणखी जोरकस ठिणगीने ताकद वाढत नाही. रीमॅपमध्ये टर्बोचा दाब वाढवला की गोष्ट बदलते. सिलिंडरमधली हवा दाट होते, तिच्यातून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात आणि थकलेली कॉइल तिथे कमी पडते. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी झटके देते, 'मिसिंग' करते.

तेव्हाही आधी प्लग बदला. चार इरिडियम प्लग तीन ते सहा हजारांत येतात. कंपनीची फट साधारण ०.८ मिलिमीटर असते. रीमॅप केलेल्या गाडीत ट्यूनर ती ०.६ ते ०.७ ठेवतात, कारण फट कमी तर व्होल्टही कमी लागतात. बऱ्याच गाड्यांचं मिसिंग इथेच थांबतं.

थांबलं नाही तर स्कॅन करा. पाचशे ते दीड हजार रुपये पडतील. समजा पी०३०२ कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी चालवायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गेली आहे. तो दुसऱ्यावरच राहिला तर दोष प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधावा लागेल आणि नव्या कॉइलचे पैसे वाया जातील. ही अदलाबदल मेकॅनिककडून तुमच्यासमोर करून घ्या. इंजिन गार असू द्या. उष्णतेने ठिसूळ झालेले कनेक्टर ओढताना तुटतात.

कंपनीच्या प्रतीची एक कॉइल अडीच ते पाच हजारांना मिळते. साध्या रीमॅपला ती पुरते, असं माझं ठाम मत आहे. मोठा टर्बो बसवणार असाल तर लाल संचाचा विचार करा. पण मिसिंग होत असताना गाडी दामटू नका: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो बदलायचा खर्च कॉइलच्या कित्येक पट असतो. कॉइलला जास्त वेळ वीज देऊन ठिणगी वाढवण्याचा सॉफ्टवेअरचा उपायही टाळा. त्याने कॉइल तापून लवकर मरते.

लाल टोपीचा डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे, म्हणून फक्त रंग पाहून पैसे देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनी इंजिनचा दावा नाकारू शकते का, हेही आधी विचारून घ्या. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, २८ लावला असेल तर जाब विचारा. काढलेल्या जुन्या कॉइल परत घ्या. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.