वाचकांचे प्रश्न : स्टिअरिंग धरण्याआधी नंबर प्लेट वाचा

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ तळोदा तालुक्यात एकत्र शेती करतो. पपई, ऊस आणि थोडी केळी. यंदा आलिशान श्रेणीतली छोटी एसयूव्ही घ्यायचं घरात ठरतंय. किंमत ५० लाखांच्या आसपास जाते. सुरतच्या एका शोरूमने गाडी तळोद्याला पाठवून टेस्ट ड्राइव्ह देण्याची तयारी दाखवली आहे. पण आधी एका इंग्रजी फॉर्मवर सही मागतात. त्यात ‘गाडीला काहीही झालं तर संपूर्ण जबाबदारी ग्राहकाची’ असं कलम आहे. १ लाख रुपये बुकिंगही आधीच भरा म्हणतात. माझ्या १९ वर्षांच्या मुलाकडे शिकाऊ लायसन्स आहे, त्यालाही चालवून बघायची आहे. टेस्ट ड्राइव्हमध्ये अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? सही करावी का? आणि काही रक्कम रोखीने दिली तर चालेल का?
– एक शेतकरी वाचक, तळोदा

उत्तर : आधी थेट उत्तर देतो. फॉर्मवर आहे तशी सही करू नका, टेस्ट ड्राइव्ह होईपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही भरू नका आणि मुलाला स्टिअरिंगवर बसवू नका. आता कारणं.

गाडी दारात आली की घरातले सगळे सनरूफकडे बघतात. तुम्ही नंबर प्लेट बघा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी अजून कोणाच्याच नावावर नोंदलेली नाही, ती विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटवर रस्त्यावर आली आहे. अशी गाडी कशासाठी वापरता येते हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ४१ व्या नियमात दिलं आहे. संभाव्य खरेदीदारासाठी वाजवी चाचणी किंवा प्रात्यक्षिक हे त्यातलं एक कारण. अक्कलकुवा रस्त्याने काही अंतर जाऊन परत येणं वाजवी चाचणीत बसतं, घरची मंडळी भरून तोरणमाळची सहल काढणं बसत नाही. ४० व्या नियमाप्रमाणे विक्रेता किंवा त्याचा अधिकृत माणूस गाडीत हजर असावा लागतो. त्यामुळे ‘दोन दिवस ठेवून घ्या, निवांत चालवा’ असा आग्रह लाल पाटीच्या गाडीबद्दल झाला तर नम्रपणे नाही म्हणा.

पाटी पांढरी आणि अक्षरं काळी असतील तर ती शोरूमच्या नावावर नोंदलेली डेमो गाडी. इथे माणूस निर्धास्त होतो आणि खरी मेख इथेच आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणं, शर्यत, वेगाची चाचणी या वगळलेल्या गोष्टींच्या ओळीतच ‘मोटार व्यापाराशी संबंधित कोणताही वापर’ असंही असतं. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला देणं हा मोटार व्यापारच आहे, असं म्हणून विमा कंपनी दावा अडवू शकते. म्हणून पॉलिसीची प्रत आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. त्यात डेमो किंवा प्रात्यक्षिकासाठीच्या वापराला संरक्षण आहे, किंवा शोरूमकडे वेगळी मोटार ट्रेड पॉलिसी आहे, हे लेखी घ्या. एमपरिवहन अ‍ॅपवर विम्याची मुदत कळते, वापराची अट कळत नाही. ती कागदावरच वाचावी लागते.

अपघाताचं म्हणाल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी गाडीचा मालक, म्हणजे शोरूम, त्याची विमा कंपनी आणि चूक तुमची असेल तर चालक म्हणून तुम्ही, या सगळ्यांपर्यंत येते. गाडीचं स्वतःचं नुकसान हा शोरूम, त्याचा विमा आणि तुम्ही सही केलेला फॉर्म यांच्यातला मामला. आणि फौजदारी जबाबदारी चालवणाऱ्याचीच असते. निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शोरूमचा कोणताही कागद ती तुमच्यावरून काढून घेऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पॉलिसीबरोबरचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा ‘मालक-चालका’साठी आहे. टेस्ट ड्राइव्ह घेणारा मालक नसतो, त्यामुळे तो विमा तुम्हाला लागू नाही. तुमचा स्वतःचा अपघात विमा चालू आहे ना, ते एकदा तपासा.

मुलाबद्दल. शिकाऊ लायसन्सवर चालवायचं तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला, शिकवणारा माणूस हवा आणि गाडीवर ‘एल’ पाटी हवी. शोरूमच्या गाडीवर ती नसते. अट मोडली तर विम्याचा दावा अडतो आणि विनापरवाना चालवल्याचा ५,००० रुपयांचा दंड आहेच. त्याला मागच्या सीटवर बसवा. मागे गुडघ्यांना किती जागा उरते हे तो नेमकं सांगेल.

आता फॉर्म. सही केली की ‘इंग्रजी कळलं नाही’ हा बचाव सहसा टिकत नाही. पण फॉर्म म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे, त्यावर लिहिता येतं. ते कलम खोडून हाताने असं लिहा : ‘माझ्या निष्काळजीपणामुळे झालेल्या आणि विम्यातून भरून न निघणाऱ्या नुकसानीपुरतीच माझी जबाबदारी राहील, कमाल रक्कम रुपये ……’. दोघांच्या सह्या घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. रकमेचा अंदाज हवा असेल तर लक्षात ठेवा, विम्याच्या दाव्यात सक्तीने वजा होणारी रक्कम १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये असते. घसारा आणि नो क्लेम बोनस वेगळा धरला तरी ‘संपूर्ण जबाबदारी ग्राहकाची’ म्हणण्याइतकं विमा असलेल्या गाडीत सहसा उरत नाही. शोरूमने खाडाखोड नाकारली तर दुसऱ्या शोरूमला जा. नाशिककडेही ही दालनं आहेत.

चाचणी कशी घ्यावी, याचा कायद्याशी फारसा संबंध नाही, पण पैसा तुमचा आहे म्हणून सांगतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याची चाल स्वतः बघितल्याशिवाय इसार देत नाही. गाडीलाही तोच न्याय लावा. या श्रेणीतल्या मर्सिडीज जीएलए, बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३ या गाड्या शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर चांगल्याच धावतात. तुमचा प्रश्न तळोद्याच्या रस्त्यांचा आहे. घरातली पाच माणसं बसवून गावातल्या सर्वांत उंच गतिरोधकावरून सावकाश न्या आणि खालून काही घासल्याचा आवाज येतो का ऐका. चांदसैली घाटाच्या चढावर वळणात थांबवून पुन्हा उचला. शेताकडच्या खडीच्या रस्त्यावर थोडी चालवा. रुंद चाकांचे, कमी जाडीचे टायर दिसायला देखणे असतात, पण खड्ड्याचा दणका पाठीपर्यंत पोचवतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तासभर उभी ठेवून मग एसी लावा. अंधार पडल्यावर समोरून उसाची ट्रॉली येत असताना हेडलाइट किती उजेड देतात ते बघा. आईवडिलांना दार उघडून स्वतः चढता-उतरता येतं का, हेही त्याच दिवशी कळतं. डिकीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे विचाराच. अधिकृत वर्कशॉप सुरत किंवा नाशिकला असताना अक्कलकुव्याच्या पुढे टायर फाटला तर त्या उत्तराला किंमत आहे.

चालवायला आणलेली गाडी बहुधा सर्वांत वरच्या व्हेरिएंटची असते आणि तुम्ही घेणार असता खालचं. म्हणून कोटेशनवर व्हेरिएंट, इंजिन, टायरचा आकार आणि सेल्समनने तोंडी कबूल केलेली प्रत्येक सोय लिहून घ्या. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. पण वर्णन कागदावर नसेल तर जुळवायचं कशाशी? त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये एक अपवाद आहे. खरेदीदाराने वस्तू तपासली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल पुढे तक्रार टिकत नाही. टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि तुम्हाला मिळणारी गाडी वेगळी असते, म्हणून डिलिव्हरीच्या दिवशीची तपासणी भरदिवसा आणि घाई न करता करा. ओडोमीटर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, चासी क्रमांक, रंगाची छटा, काचांवरचे शिक्के बघा. वापरलेली डेमो गाडी नवी म्हणून गळ्यात मारली जाऊ नये यासाठी हे सगळं.

रोखीबद्दल ठाम ‘नाही’. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, मग ती वेगवेगळ्या दिवशी दिली तरी. तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होतो, त्यामुळे शहाणा विक्रेता ती घेणारच नाही. सगळी रक्कम बँकेतून द्या. १० लाखांवरच्या मोटारीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, गोळा करतो, म्हणजे ५० लाखांवर ५०,००० रुपये. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने तुमच्यापैकी अनेकजण विवरणपत्र भरत नाहीत, आणि हे ५०,००० सरकारकडेच पडून राहतात. ज्या भावाच्या नावावर गाडी घ्याल त्याने त्या वर्षीचं विवरणपत्र भरून परतावा मागावा. ही खरेदी प्राप्तिकर खात्याला दिसणारच आहे, तेव्हा सातबारा, व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि कारखान्याची ऊसबिलं एका फाइलमध्ये लावून ठेवा.

गाडी स्वतःच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या वैयक्तिक पेट्रोल मोटारीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी वाहनकर आहे, कंपनीच्या नावावर तो २० टक्के होतो. ५० लाखांवर हा फरक लाखांत जातो.

प्रश्न : मी एका शोरूममध्ये अशाच गाडीसाठी १ लाख रुपये बुकिंग भरलं. गाडी नंतर चालवून पाहिली, आईला मागच्या सीटवर त्रास झाला. आता नको म्हणतो तर ‘बुकिंग परत मिळत नाही, पावतीवर लिहिलंय’ असं सांगतात.
– एक वाचक, शहादा

उत्तर : पावतीवर छापलं म्हणून पैसे बुडाले असं नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती ठरवून दिलेल्या रकमेच्या मर्यादेत. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, नुकसान झालंच नसेल तर आगाऊ रक्कम जप्त करण्याला या कलमाचा आधार मिळत नाही. तुमच्यासाठी खास रंगाची गाडी मागवली होती का, की साठ्यातली गाडी दुसऱ्याला विकता येणार आहे, यावर बरंच अवलंबून आहे. काही वाजवी खर्च वजा करायची त्यांची मागणी टिकू शकेल, संपूर्ण लाखाची टिकणं कठीण.

आजच ईमेलवर बुकिंग रद्द केल्याचं कळवा आणि १५ दिवसांची मुदत द्या. पैसे आले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, शोरूम सुरतेला असो की नाशिकला. आयोगाचा अधिकार तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर ठरतो. तुम्ही १ लाखच भरले आहेत, त्यामुळे जिल्हा आयोग पुरेसा आहे, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. पूर्ण गाडीचे ५० लाखांवर पैसे भरून झाल्यावर वाद निघाला असता तर राज्य आयोगाकडे जावं लागलं असतं. तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. फर्मच्या नावावर बुकिंग असेल तर ‘व्यापारी हेतू’ असा आक्षेप येईल. पण जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मर्सिडीज केवळ कंपनीच्या नावावर आहे म्हणून व्यापारी हेतूची ठरत नाही. त्या गाडीची तक्रार मधल्या उंचवट्याचा भाग तापतो ही होती. दहा मिनिटांच्या फेरीत असा दोष सहज लक्षात येत नाही.

प्रश्न : माझा मेहुणा सागबाऱ्याला राहतो. त्याच्या पत्त्यावर गुजरातमध्ये नोंदणी केली तर कर बराच वाचेल असं एजंट म्हणतो. करावं का?
– एक वाचक, अक्कलकुवा

उत्तर : करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाचं राहण्याचं किंवा धंद्याचं ठिकाण जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, त्या राज्यातच नोंदणी करायची असते. खोट्या माहितीवर नोंदणी मिळवणाऱ्या मालकाला कलम १९२-ब खाली ६ महिने ते १ वर्ष कैद आहे, शिवाय वर्षाच्या कराच्या दसपट किंवा आजीवन कराच्या दोन तृतीयांश, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड. खरेदी सुरतेतून करायला काहीच हरकत नाही. तिथून तात्पुरती नोंदणी घ्या, गाडी घरी आणा, महाराष्ट्राचा कर भरा आणि नंदुरबारच्या परिवहन कार्यालयातून एमएच ३९ क्रमांक घ्या.