दिवे लागले की गिटार गुणगुणते

प्रश्न : गिटारच्या बॉडीत निळी एलईडी पट्टी बसवून घेतली. दिवे मंद केले की अॅम्पमधून बारीक ‘झीं’ येते. वायरिंग बिघडलंय का?

उत्तर : वायरिंग नाही, डिमर. तो प्रकाश खरं तर कमी करत नाही. सेकंदाला शेकडो वेळा दिवे चालू-बंद करतो. डोळ्याला कळत नाही, पण पिकअपच्या कॉइलला तेवढंच ऐकू येतं. सिंगल कॉइल असेल तर विचारूच नका!

डिमर काढा. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर दोन निळे एलईडी एकापुढे एक जोडले की साधारण सहा व्होल्ट तिथेच खर्च होतात. उरलेल्या तिनांसाठी ६८० ओहमचा रेझिस्टर लावा. प्रवाह चार-साडेचार मिलिअँपिअर. अंधाऱ्या स्टेजवर एवढा उजेड पुरे. अशा पाच जोड्या एका बॅटरीवर वीसेक तास चालाव्यात.

बॅटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, पिकअपपासून लांबून न्या. आणि हौसेपोटी नेकला ड्रिल लावू नका. आत ट्रस रॉड असतो. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.